जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डवर ब्लॅक मिथ वुकाँग गेम चालेल का?

मंडळी, लॅपटॉप जुनाय, १६५० चार जीबीवालं कार्ड, रॅम ८. मित्र म्हणतो घे रे, लो सेटिंगवर पळतो, पण पैसे घालवून स्लाइडशो नाही बघायचा.

> मिनिममच १०६० सहा जीबी नि १६ जीबी रॅम दिलंय, वर १३० जीबी जागा. स्टीमवर त्याचं बेंचमार्क टूल (गेम किती वेगात चालेल ते मोजणारं) फुकट आहे, ते चालवून बघ ना आधी, मित्राला काय विचारतोस.

> सेम कार्ड आहे माझं. लो, एफएसआर (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारं सेटिंग) लावून सेकंदाला तीसच्या आसपास फ्रेम मिळतात, पण खरा घोळ रॅमचा होता, ८ ची एकच पट्टी होती तेव्हा कॅमेरा फिरवला की गचके, दुसरी टाकली नि बरेच कमी झाले. आणि चार्जर लावूनच खेळ, बॅटरीवर कार्ड पेंगतं.

> डीएलएसएस (एनव्हिडियाचं तसलंच सेटिंग) शोधत बसू नकोस, ते आरटीएक्स कार्डवाल्यांना. फ्रेम जनरेशनने (मध्ये बनावट फ्रेम घालणं) आकडा फुगतो पण हिरोची काठी उशिरा फिरते, बॉसकडून मार खाशील. आणि एसएसडीवरच टाक.

बेंचमार्क चालवला, सरासरी २६ फ्रेम 😭 आधी रॅमची पट्टी घेतो, गेम दिवाळी सेलला बघू.