शब्दचर्चा : 'सेफगार्डिंग'ला मराठीत काय म्हणावं?

आमच्या महाविद्यालयात प्राध्यापक आणि कार्यालयातल्या मंडळींसाठी 'सेफगार्डिंग ट्रेनिंग' ठरलं, म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याला मारहाण, छळ होतोय असं कानावर आलं तर आपण काय करायचं, याचं. सूचनाफलकावरचा मराठी मथळा माझ्या गळ्यात पडला. मी 'सुरक्षा प्रशिक्षण' लिहून मोकळा झालो. सभागृहात सगळ्यांत आधी हजर कोण, तर गेटवरचे दोन्ही वॉचमन. "सर, आग विझवायचं दाखवणार ना?" (खरं तर त्यांना बोलवायलाच हवं होतं. कोण रडत बाहेर पडलं, हे त्यांनाच आधी दिसतं.) दुसरा शब्द सुचवा.

*

'संरक्षण' घ्या की. कायद्यात तोच रुळलाय. २०१२चा पॉक्सो म्हणजे 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण', कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यातही 'संरक्षण अधिकारी' आहे.

*

'संरक्षण' म्हटलं की 'कशापासून?' हा प्रश्न आलाच. संकट समोर ठाकलंय आणि आपण आडवे उभे, असं चित्र. सेफगार्डिंग त्याच्या बरंच आधी सुरू होतं.

मी इंग्लंडमध्ये एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं ते असं : पुस्तक परत करता करता एखादी मुलगी घरच्या मारहाणीबद्दल बोलून गेली, तर ऐकून घ्या. खोदून विचारू नका. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. तिच्याच शब्दांत टिपून ठेवा आणि नेमलेल्या व्यक्तीकडे द्या. गुंता आपण सोडवायचा नसतो, योग्य हाती पोचवायचा असतो. यात संरक्षण कुठंय?

*

शब्द न देण्याला आपल्याकडे कायद्याचा आधार आहे. अकरावी-बारावीची मुलं त्याच आवारात असतात, प्रथम वर्षालाही सतरा वर्षांची सापडतात. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. शिपायालाही, प्राचार्यांनाही.

शब्द म्हणाल तर 'राखण'. कोकणात, गोव्यात गावाला राखणदार असतो. तो रात्री फिरून येतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, असं मानतात. शस्त्र परजून उभा राहत नाही.

*

राखणदार झकास, पण राखण आंब्याची, शेताची. तरण्या पोरीवर राखण बसवली म्हटलं की कोंडून घातल्यासारखं वाटतं. राखण आणि पाळत यांत फार अंतर नाही.

*

पाळतीवरून आठवलं. ब्रिटनमध्ये २०१५च्या दहशतवादविरोधी कायद्याने विद्यापीठांवर जबाबदारी टाकली, की कुणी दहशतवादाकडे ओढलं जाऊ नये म्हणून काळजी घ्या. तेही सेफगार्डिंगच्याच खात्यात बसवतात. काळजी कुठे संपते आणि पाळत कुठे सुरू होते, यावर प्राध्यापकांनी तेव्हा बरीच हरकत घेतली होती. म्हणजे इंग्रजी शब्दही तितका सोवळा नाही.

मी 'जपणूक' म्हणेन. निघताना आपण 'जपून जा' म्हणतो, त्यात पहारा नाही.

*

'हितसंबंधांची जपणूक' लिहून लिहून वर्तमानपत्रांनी तो शब्द आंबवलाय. तरी 'विद्यार्थ्यांची जपणूक' कानाला चालतंय.

*

आभार. नवा फलक लावला : 'विद्यार्थ्यांची जपणूक – कानावर आलं तर काय करायचं'. वॉचमनना मुद्दाम बोलावलंय. वरिष्ठ लिपिकांनी मात्र फलक वाचून विचारलं, "जप कितीला सुरू होणार?"