ल्युब्लियानाचं हॉटेल ठेवू की ब्लेडला राहू? आज रात्रीच ठरवायचंय

मिरजकर_म्युनिक
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. आई-बाबांना घेऊन स्लोव्हेनियाला जातोय, ल्युब्लियानात हॉटेल बुक करून बसलोय आणि आता ऑफिसातले सगळे म्हणतात तिथे काही नाही, अर्ध्या दिवसात उरकतं, ब्लेडच्या तळ्याकाठीच राहा. फुकट कॅन्सलेशन आज रात्री बाराला संपतंय. आईचे गुडघे दुखतात. ठेवू की सोडू? टॉप टेन याद्या नकोत, जाऊन आलेल्यांनीच सांगा प्लीज.

घाटवाट
कुठल्या महिन्यात? ट्रेनने की गाडीने? हॉटेल शहरात नेमकं कुठे? आई-बाबांचा व्हिसा कुठल्या देशाने दिलाय? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

प्रवासी_पक्षी
ल्युब्लियाना सोडा आणि सरळ प्रागला जा. म्युनिकहून तेही लांब नाही आणि आई-बाबा एकदाच येणार तर मोठं काहीतरी दाखवा ना. चार्ल्स ब्रिज, किल्ला, घड्याळ, सगळं एका जागी.

मेधा_ग्राझ
प्रागबद्दल त्यांनी विचारलेलंच नाही. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये चार्ल्स ब्रिजवरच्या गर्दीत उभं करून बघा, मग बोलू. आम्ही ग्राझहून वरचेवर ल्युब्लियानाला जातो. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला याच्याइतकी सोयीची राजधानी मला तरी माहीत नाही. जुन्या शहरात २००७ पासून हळूहळू गाड्या बंद करत आणल्या, त्यामुळे नदीकाठी निवांत चालता येतं, मागून हॉर्न नाही. चालून दमलात तर 'कावालिर' नावाच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या फिरत असतात, हात केला की थांबतात आणि पैसे घेत नाहीत. किल्ल्यावर जायला २००६ पासून फ्युनिक्युलर (रुळांवरून चढावर ओढली जाणारी गाडी) आहे, आईंना एकही चढ चढायला नको. फक्त वरच्या बुरुजाला जिना आहे, तेवढा सोडा.

मिरजकर_म्युनिक
धन्यवाद मेधाताई, कावालिरचं माहीत नव्हतं. घाटवाट, जुलैचा शेवट, स्वतःच्या गाडीने, शनिवारी निघून मंगळवारी परत. हॉटेल जुन्या शहरातच आहे, पुलाजवळ. व्हिसा जर्मनीचा. त्याचा काय संबंध?

घाटवाट
संबंध आहे. मुख्य मुक्काम जर्मनीत आहे म्हणून व्हिसाला काही अडचण नाही, पण तिघांचे पासपोर्ट जवळ ठेवा, येताना ऑस्ट्रिया-जर्मनी सीमेवर तपासणी होते. आणि जुलैतला शनिवार हा सगळ्यात वाईट दिवस निवडलाय तुम्ही. अर्धं जर्मनी त्या दिवशी क्रोएशियाच्या समुद्रावर निघतं आणि ऑस्ट्रिया-स्लोव्हेनिया सीमेवरच्या कारावांकेन बोगद्याच्या तोंडाशी लांब रांग लागते. शुक्रवारी पहाटे निघता येत असेल तर निघा. ऑस्ट्रियाचं विन्येट (महामार्गाचा ठरावीक मुदतीचा टोल) वेगळं, वाटेतल्या टाउर्न आणि कारावांकेन बोगद्यांचा टोल वेगळा, आणि स्लोव्हेनियाचं ई-विन्येट गाडीचा नंबर टाकून ऑनलाइन काढायचं, काचेवर चिकटवायला काही नसतं म्हणून लोक विसरतात आणि दंड भरतात. हॉटेल जुन्या शहरात म्हणजे दारापर्यंत गाडी जाणार नाही, सामान कसं न्यायचं ते हॉटेलला आजच विचारा. कोंग्रेस्नी त्रग या चौकाच्या खाली पार्किंग आहे.

सई_पुणे
मला पण विचारायचं होतं, मी पुण्याहून ऑक्टोबरमध्ये इटलीला जातेय तर फोरेक्स कार्ड चांगलं की रोख युरो?

निवांत_नाना
सईताई, कार्डच घ्या, थोडी रोख ठेवा. मशीनने 'रुपयात पैसे घेऊ का' विचारलं तर नाही म्हणायचं, युरोतच द्यायचे.

डोंगरवेडा
मूळ प्रश्नाकडे या. माझं मत ब्लेडही नको, बोहिनला राहा. ब्लेड म्हणजे बसेस आणि सेल्फी. बोहिनचं तळं मोठं, शांत, वर जायला वोगेलची केबल कार आहे, चालायची गरजच नाही.

मेधा_ग्राझ
बोहिन सुंदरच आहे, पण आई-बाबांना रात्री साडेआठला काही खायला हवं असेल तर काय? शिवाय ब्लेडच्या बेटावर होडीने गेलात तरी चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत. ल्युब्लियानात राहून ब्लेडला दिवसाची चक्कर करा, तासाभराच्या आत गाडी पोचते. उलट केलंत तर शहराची संध्याकाळ हुकते, आणि या शहराचं सगळं सुख संध्याकाळी नदीकाठी बसण्यात आहे.

डोंगरवेडा
संध्याकाळी कॅफेत तर म्युनिकमध्येही बसता येतं.

मेधा_ग्राझ
येतं, पण म्युनिकमध्ये प्लेचनिक नाही. १८९५ च्या भूकंपात या शहराची फार पडझड झाली, आणि पुढे १९२१ पासून योझे प्लेचनिक या एका वास्तुरचनाकाराने आयुष्यभर इथे पूल, बाजार, घाट, लायब्ररी बांधली. जुन्या दगडी पुलाच्या दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी दोन नवे पूल जोडून त्याने त्रोमोस्तोव्ह्ये (तिहेरी पूल) केला, तुमचं हॉटेल बहुतेक त्याच्याच जवळ असेल. त्याचे कठडे हात ठेवून बघा. सगळीकडे तेच गुबगुबीत खांब, खाली पाण्यापर्यंत उतरणारे जिने. लायब्ररीच्या जड दाराची मूठ घोड्याच्या डोक्याची आहे, आत शिरलं की काळपट दगडाच्या खांबांमधून अंधारा जिना वर उजेडाकडे जातो. (आईंना खालूनच दाखवा.) २०२१ मध्ये युनेस्कोने त्याच्या या कामांना जागतिक वारसा म्हटलं. हे अर्ध्या दिवसात उरकायचं शहर नाही हो, लोक ड्रॅगनच्या पुलावर फोटो काढून पळतात म्हणून तसं वाटतं.

निवांत_नाना
पोस्टोयनाच्या गुहेला जाच. आत खरी रेल्वेगाडी आहे, बसूनच कित्येक किलोमीटर आत जाता येतं. आम्हाला फार आवडलं.

डोंगरवेडा
पोस्टोयना फार बाजारू झालंय. श्कोत्सियानची गुहा बघा, युनेस्कोच्या यादीतली आहे, खाली नदी वाहते.

घाटवाट
श्कोत्सियानमध्ये पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघ्यांचं वर लिहिलंय ना. पोस्टोयनाच बरं, तिथेही थोडं चालावं लागतं, आणि आत वर्षभर दहा अंशांच्या आसपास थंडी असते, जुलै असला तरी स्वेटर न्या.

सुगरण_सातारा
खाण्याचं कोणीच बोललं नाही. ब्लेडची क्रेमश्निता खाच, मऊ क्रीम आणि वर कुरकुरीत पापुद्रा.

मिरजकर_म्युनिक
बाबा अंडं खात नाहीत. सांगायचं राहिलं, दोघं शुद्ध शाकाहारी.

मेधा_ग्राझ
मग क्रेमश्निता नाही, अंडं असतं. श्त्रुक्ल्यी (सारण भरून गुंडाळलेल्या कणकेच्या वळकट्या) मिळतील, पण कणकेत अंडं आहे का विचारून घ्या. झ्लिक्रोफीत (उकडलेल्या छोट्या करंज्यांत) बटाटा असला तरी आत बेकन असू शकतं, झ्गान्त्सीवर (पिठाच्या घट्ट उकडीवर) चरबीचे तळलेले तुकडे टाकतात. शनिवारीच दूध, दही, ब्रेड, फळं घेऊन ठेवा, रविवारी स्लोव्हेनियात सुपरमार्केट कायद्यानेच बंद असतात. स्टेशनवरची किंवा पेट्रोल पंपावरची छोटी दुकानं उघडी असतात. शुक्रवारी पोचलात तर बाजाराशेजारी 'ओद्प्रता कुह्ना' (उघड्यावरचा खाऊबाजार) असते, मार्च ते ऑक्टोबर, पाऊस नसेल तर. एकेका टपरीवर समोर शिजवतात, त्यामुळे आत काय आहे ते बघून विचारता येतं.

मिरजकर_म्युनिक
ठेवतोय हॉटेल. शुक्रवारची सुट्टी उद्या मागतो, मिळाली तर अजून एक रात्र वाढवतो. सामानासाठी हॉटेलला मेल टाकला. आता एकच, प्रेशर कुकर गाडीत नेला तर सीमेवर काही म्हणतात का? आई ऐकत नाहीये.

निवांत_नाना
आम्ही नेला होता, कोणी विचारलं नाही.

घाटवाट
कुकर न्या, पण हॉटेलच्या खोलीत शिजवू देतात का ते विचारलंत का?