तयार किट की सुटे भाग?

आठवीच्या पोरांना स्पर्धेसाठी रोबोचं तयार किट द्यावं की सुट्या भागांतून रोबो बांधू द्यावा, असा प्रश्न आहे. माझं मत सुट्या भागांचं. सांगाड्याची काळजी नको, नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून देणारे मिळतात. घोडं अडतं मोटर ड्रायव्हरपाशी, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला देऊन तिचा वेग-दिशा सांभाळणाऱ्या सर्किटपाशी. सगळे एल२९८एन नावाचा ड्रायव्हर घेतात. तो दोनेक व्होल्ट स्वतःच खातो. ७.४ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरला साडेपाचच्या आसपास उरतात, लाइन फॉलोअर (जमिनीवरच्या रेषेमागे धावणारा रोबो) रेंगाळतो आणि पोरं बिचाऱ्या कोडला शिव्या घालतात. तेव्हा उत्तर सांगू नका. मल्टिमीटर देऊन, मोटर पूर्ण वेगात असताना तिच्या टोकांवर किती व्होल्ट मिळतात ते मोजायला लावा. छोट्या मोटरांना टीबी६६१२ हा ड्रायव्हर बरा, तो व्होल्ट कमी खातो. आणि सोल्डरिंग पप्पांनी करून देऊ नये, परीक्षकांच्या दुसऱ्याच प्रश्नाला बिंग फुटतं!