घरच्या कॅसेटवरचं जुनं सोल गाणं नव्याने उभं करताना: तुमचे अनुभव लिहा

बिल विदर्सचं 'एन्ट नो सनशाइन' (१९७१) माझ्या चुलतभावाने ठाण्याच्या घरात टू-इन-वनवर टेप केलं होतं, नव्वदच्या दशकात. गिटार त्याची, गळाही त्याचाच. आता त्याच आवाजाखाली नवा बास आणि ड्रम घालायचं चाललंय. असा उद्योग ज्यांनी केलाय, मग गाणं ओटिस रेडिंगचं असो की अल ग्रीनचं, त्यांनी जरूर लिहा. सॉफ्टवेअरची जाहिरात नको, प्रत्यक्ष काय केलंत ते सांगा.

आधी माझं रडगाणं. मूळ गाणं ए मायनरमध्ये (आपली पांढरी सहा) आहे, दादाही तिथूनच धरायचा. टेपवर मात्र सूर काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधोमध लोंबकळतोय. गिटार उतरलेली होती की टेप हळू चालतेय, कळायला मार्ग नाही. शिवाय टू-इन-वनचा माइक आवाजाची पातळी आपली आपण सांभाळतो. दादा गात असला की खोलीतल्या पंख्याचा आवाज दबतो, दादा थांबला की घरघर फुगत वर येते. 'आय नो' २६ वेळा येतं ती जागा तर विचारू नका. विदर्स तिथे पुढे शब्द लिहिणार होता, निर्माता बुकर टी. जोन्स आणि बाकीच्यांनी 'राहू दे असंच' म्हटलं आणि ते तसंच राहिलं. दादाने तिथे गिटार थांबवलीय. प्रत्येक श्वासाला पंखा आत डोकावतो.

खुंटीपिळ्या (नाशिक)
बाबांच्या 'स्टँड बाय मी'च्या वेळी मलाही हीच शंका होती. गाणं सुरू व्हायच्या आधीचा शांत तुकडा स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) उघडला. प्लगवर चाललेल्या मशीनमध्ये विजेची गुणगुण उतरतेच: आपल्याकडे ५० हर्ट्झला, मग १००, १५०. आमच्या टेपवर ती ५१.५ ला सापडली. म्हणजे टेप ३ टक्के जलद, सूर साधारण पाव स्वर चढा. वेग उतरवल्यावर बाबा बाबांसारखे वाटायला लागले. गुणगुण काढायची ती मोजून झाल्यावरच. आधी पुसलीत तर मापही गेलं.

निवृत्त वीजवाला
वीज मंडळात हयात गेली म्हणून मधे तोंड घालतो. नव्वदच्या दशकात आपली ग्रिड ५० वर गुमान बसलेली असायची कुठे? संध्याकाळी भार चढला की ४९ च्या खाली, रात्री उशिरा ५० च्या बरीच वर. २००२ साली पश्चिम विभागात एबीटी (उपलब्धतेवर आधारित) दरपद्धती आली, तेव्हा कुठे ती माणसात आली. त्यामुळे खुंटीपिळ्या, तुमचे ५१.५ खरेही असू शकतील. बाबा मध्यरात्री गात नव्हते ना?

मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपने 'लीन ऑन मी' भरलं होतं, त्याला मी वेगळी युक्ती केली. टेपच्या दुसऱ्या बाजूला आकाशवाणीच्या बातम्या निघाल्या. बातम्यांआधीचे पिप एकेका सेकंदाने पडतात, त्यांना ग्रिडशी देणंघेणं नाही. अंतर मोजलं की झालं. दोन्ही बाजू एकाच मशीनवर भरलेल्या असाव्यात, एवढीच अट.

खुंटीपिळ्या
बाबा मध्यरात्री गायले असते तर आईने प्लग काढला असता. पण मुद्दा बरोबर आहे, पिप शोधतो.

जर्सीतला भाचा
इकडे न्यू जर्सीत मामाने ऐंशीच्या दशकात चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर (कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या मशीनवर) 'डॉक ऑफ द बे' केलं होतं. साध्या डेकवर लावलं तर मामा पाताळातून गातोय, आणि बाजू पलटली तर सगळं उलटं! त्याचं मशीन सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटरने धावायचं, साधी कॅसेट ४.७६ ने. वर चारही ट्रॅक एकाच दिशेने भरलेले. ते मशीन मिळेना म्हणून साध्या स्टिरिओ डेकवर दोन्ही बाजू उतरवून घेतल्या, वेग दुप्पट केला, दुसरी बाजू उलटी फिरवली. मग दोन्ही जोड्या जुळवत बसलो. त्या सरकत राहतात, दर कडव्याला पुन्हा ओढाव्या लागतात. कंटाळवाणं काम, पण गाण्याच्या शेवटची शिट्टी सुटी मिळाली.

ओटिस रेडिंग १० डिसेंबर १९६७ ला विमान अपघातात गेला, गाणं आलं पुढच्या जानेवारीत. लाटा आणि समुद्रपक्षी त्याच्यासोबत गाणं लिहिणाऱ्या स्टीव्ह क्रॉपरने मागाहून घातले. मामाने लाटांसाठी बाथरूमचा नळ सोडलाय. नवीन मिक्समध्ये तो आहे तसाच आहे, उलट थोडा वाढवलाय.

मडगावचा पाहुणा
सूर नंतर, आधी टेप जगवा. पप्पांच्या लग्नाच्या बँडची रिहर्सल, पर्सी स्लेजचं १९६६ चं 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन', ऑर्गनसकट. आमच्या पावसाने टेपच्या कडांना पांढरी बुरशी धरली होती. तशी टेप डेकमध्ये घालायची नाही, टेप वाचणारं हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही ती लागते. बुरशी पुसून मी दोन्ही रिळं स्क्रूच्या नव्या कॅसेटमध्ये हलवली. जुन्या कॅसेटमधली फेल्टची गादी गळून पडली होती. ती नसली की टेप हेडला नीट टेकत नाही, वरचे सूर जातात. मग हेडशेजारचा बारका स्क्रू कणाकणाने फिरवत राहायचं, झांज लख्ख ऐकू येईपर्यंत. ही झांज कुठल्याही फिल्टरने परत येत नाही.

सांगलीची सून
आत्याच्या 'रिस्पेक्ट'वर मी आवाज वेगळा काढणारं एआय चालवलं. गिटार छान बाजूला झाली. पण ते वाद्यांच्या जातीप्रमाणे वाटणी करतं, माणसांप्रमाणे नाही. त्यामुळे आत्या, मागे गाणाऱ्या तिच्या मैत्रिणी आणि दारात ओरडणारा भाजीवाला, तिघांनाही एकाच खोक्यात टाकलं. आत्याला भाजीवालाच जास्त आवडला, मग काय बोलणार. ड्रम घालताना मात्र एक ठरवलं होतं: आत्या घाईत येते तिथे ड्रमही घाईत. तिचे ठोके धरून सॉफ्टवेअरमधली तालाची ग्रिड आखली, तिला ग्रिडवर ओढलं नाही.

धागाकर्ता
वीजवाले काका, बी साइडला बातम्या निघाल्या! पिप सेकंदाऐवजी १.०३ सेकंदांनी पडतायत. म्हणजे टेपच हळू. ३ टक्के वर घेतली आणि दादा बरोबर पांढरी सहावर बसला. गुणगुण आधी ४८.६ ला होती, ती ५० च्या किंचित वर गेली. म्हणजे रेकॉर्डिंग संध्याकाळच्या भारातलं नसावं. आता फक्त पंखा उरला. 'आय नो'च्या मधल्या फटी सरळ कापून टाकू का?

जर्सीतला भाचा
कापू नका, नाहीतर प्रत्येक फटीत घरातल्या खोलीचा आवाज नाहीसा होईल. गाण्याआधीचा नुसत्या पंख्याचा तुकडा असेल ना? तो पूर्ण गाण्याखाली एकसारखा बारीक आवाजात पसरा, आणि फटींत फुगणारा पंखा त्याच पातळीपर्यंत खाली आणा. नवा बासही त्या पंख्यातच वाजू दे.