कोबे: कितानो तेनमान देवळाच्या पायऱ्या आईला झेपतील का?

रानवाट: नोव्हेंबरात कामासाठी ओसाकाला जाते आहे, आई सोबत आहे. एक सकाळ कोबेसाठी राखली आहे. डोंगराच्या कुशीतलं कितानो तेनमान हे शिंतो देऊळ बघायचंय. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. पण देवळाच्या दारातून परत फिरणं तिला पटणार नाही. चढ किती आहे? आणि तिथे नमस्कार कसा करतात? अजाणता अवमान व्हायला नको.

चालता_बोलता: सान्नोमिया स्टेशनपासून पायी १५-२० मिनिटं, सगळा चढच. आईंना चालवू नका. सिटी लूप बस कितानोत सोडते.

समुद्रकाठ: ताई, मी कोबेत नऊ वर्षं राहिले. बसमधून उतरलात तरी शेवटच्या दगडी पायऱ्या आहेतच, आणि त्या चांगल्याच उभ्या आहेत. माझ्या सासूबाई दर सात-आठ पायऱ्यांवर थांबत चढल्या. उतरताना जास्त त्रास झाला, म्हणून काठी न्या. नऊच्या आत पोचा. नंतर खालच्या चौकात सहली येतात आणि गलका वरपर्यंत ऐकू येतो.

तोरीच्या कमानीपाशी किंचित वाकायचं आणि कडेने चालायचं, मधली वाट देवाची. पाण्याने आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ. पळीला ओठ लावायचे नाहीत. पेटीत बरेच जण पाच येनचं नाणं टाकतात, कारण 'गो-एन' म्हणजे पाच येन, आणि ऋणानुबंधही. मग दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं सांगायचं, शेवटी पुन्हा एकदा वाकायचं.

देव कोण, ते आईंना आधी सांगा. सुगावारा नो मिचिझाने, दरबारातला विद्वान आणि कवी. खोट्या आरोपावरून ९०१ साली त्याला दूर दाझाइफूला धाडलं, ९०३ मध्ये तो तिथेच गेला. पुढे राजधानी क्योतोवर संकटं कोसळली, ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडली. हा त्याचाच कोप, असं लोकांच्या मनाने घेतलं आणि त्याला शांत करायला देव केलं. आज तो विद्येचा देव. परीक्षेला बसणारी मुलं लाकडी पाट्यांवर मागणं लिहून टांगतात. एका पाटीवर शाळेच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं, खोडून शेजारी पुन्हा सावकाश काढलेलं, शाई लाकडात फुटलेली. ती पाटी अजून डोळ्यांसमोर आहे.

११८० मध्ये तायरा नो कियोमोरी या तेव्हाच्या बलाढ्य सरदाराने राजधानी इथे फुकुहाराला हलवली, तेव्हा क्योतोच्या कितानो देवळातून हा देव आणला. राजधानी सहाएक महिन्यांत परत गेली. देव राहिला, आणि आसपासच्या वस्तीला त्याच्या देवळाचंच नाव पडलं.

दर्शन झालं की देवळाकडे पाठ करून जरा वेळ थांबा. शेजारच्या विटांच्या जुन्या घराच्या शिखरावरचा वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा, अगदी जवळ दिसतो, त्यापलीकडे छपरं, उंच इमारती, बंदर, समुद्र. पत्ता सांगताना कोबेकर 'डोंगराकडे', 'समुद्राकडे' का म्हणतात, ते तिथे कळतं.

रानवाट: खूप आभार! आई ३२ वर्षं शिक्षिका होती. मिचिझानेची गोष्ट ऐकून म्हणाली, "मग पाटी मीच लिहिणार." मराठीत लिहिलं तर चालेल ना?

समुद्रकाठ: खुशाल लिहू द्या. माझ्याही पाट्या मराठीतच असायच्या. आणि नाणी सुटी ठेवा.