मदत हवी आहे : चिऱ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोलीजवळ आमचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जुनं कौलारू घर आहे. काही वर्षांपूर्वी आतून सिमेंटचा गिलावा केला, तेव्हापासून पावसाळ्यात भिंतींना जमिनीपासून कमरेपर्यंत ओल चढते, रंगाचे पापुद्रे सुटतात. चिरा सच्छिद्र, जमिनीतलं पाणी ओढतो. सिमेंटमुळे ते बाहेर पडत नाही, हे आता कळतंय. कंत्राटदार वॉटरप्रूफिंगचा रंग सुचवतात. मला ते पटत नाही, ओल आतच कोंडेल. म्हणून सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायचा विचार आहे.

सिमेंट काढताना चिऱ्याच्या कडा फुटतात का? चुना किती दिवस भिजवायचा, वाळू कुठल्या प्रमाणात? डिचोली, साखळी, फोंडा भागात चुन्याचं काम जाणणारे गवंडी कुणाला माहीत आहेत का? जूनआधी गिलावा नीट सुकायला हवा. आईला दम्याचा त्रास आहे, म्हणून घाई आहे.