वाईच्या घाटांवर आईचे फोटो कुठे काढू?

बोरिवलीची_मेधा:
आईचं माहेर वाईचं. यंदा तिला पंचाहत्तरावं लागतंय. जानेवारीत दोन दिवस तिला घेऊन जातेय. गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढ-उतार नको. कृष्णाकाठी तिचे नीट फोटो काढायचेत. माझ्याकडे साधा कॅमेरा आणि एकच ५० एमएमची लेन्स आहे. कुठे जाऊ?

घाटावरचा:
मेधाताई, मी परळला राहतो, पण दर हिवाळ्यात वाईला जातो. पुणे-सातारा हायवेवरच्या सुरूर फाट्यावरून आत वळा आणि मुक्काम गावातच करा, म्हणजे पहाटेचं धुकं मिळेल.

ढोल्या गणपतीचा फोटो सगळे समोरून काढतात. तुम्ही नदीच्या बाजूने जाऊन देवळाची मागची भिंत बघा. माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्हीकडे फुटावं म्हणून. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं हे देऊळ त्या भिंतीमुळे पुरात टिकलं, असं मला मनापासून वाटतं. उजाडताना दगड काळा-निळा दिसतो.

पण खरी जागा मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे अर्धचंद्रासारखा घाट, मेणेश्वराचं देऊळ. तिथे एक मोठी घंटा टांगलेली आहे, ती जरूर बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ साल कोरलेलं आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. बोरिवलीहून वसई किती जवळ! मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ कॅमेरा हातात तसाच राहिला होता.

घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. एका ऑगस्टमध्ये तिथेच माझा पाय घसरला आणि लेन्स फुटली. आईंना खाली नेऊ नका. वरच्या पायरीवर बसवा, तुम्ही चार पायऱ्या खाली उतरा. मागे देवळाचं शिखर येईल.

मुलुंडकर_प्र:
वाईजवळचं धोम गाव सोडू नका. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्यात कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असं वाटतं. मेणवलीच्या वाड्यातल्या भित्तिचित्रांवर मात्र फ्लॅश मारू नका, रंग आधीच फिके झालेत.

बोरिवलीची_मेधा:
आत्ताच आईला वाचून दाखवलं. घंटेचं ऐकून म्हणाली, "लहानपणी आम्ही तिच्या खाली उभं राहून हाका मारायचो." हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं! आता पहिला फोटो तिथेच. दादा, मेणवलीला सकाळी जाऊ की संध्याकाळी?

घाटावरचा:
सकाळी, आठच्या आत. नंतर गर्दी होते. एक घडीची खुर्ची बरोबर घ्या, दगड फार गार असतो.